एजन्सीमार्फत माल जातो, मग डिक्लेरेशनची माहिती कुणी तयार करायची?

पत्र:

नमस्कार ताई, आमचं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता कागदपत्रं माझ्या गळ्यात पडलीयेत. माल मुंबईच्या एका एक्स्पोर्ट एजन्सीमार्फत दुबईला जातो. ते दर वेळी 'कस्टमच्या डिक्लेरेशनची माहिती द्या' म्हणून एक एक्सेल पाठवतात आणि आम्ही मागच्या वेळचीच तारीख बदलून परत पाठवतो. या खेपेला 150 कार्टन होते, प्रत्येकात 70 बाय 140 चे 60 बाथ टॉवेल. कागदावर नेट वेट 3,969 किलो लिहिलेलं, न्हावाशेवा बंदरात काट्यावर घेतलं तर अडीचशे किलोच्या वर फरक निघाला आणि माल अडकला. एजन्सी म्हणते चूक तुमची. सासरे म्हणतात आपण बिल दिलं, आपलं काम संपलं. नक्की कुणाचं बरोबर? आणि ही माहिती नीट कशी तयार करायची? पुढच्या खेपेला वॅफलचे किचन नॅपकिनपण जाणार आहेत. अजून एक, एजन्सी चार कोरी लेटरहेडं सही-शिक्का मारून मागते, देऊ का?
– एक सून, सोलापूर

उत्तर:

सूनबाई, आधी ते वजनाचं कोडं सोडवू, कारण तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे. 70 बाय 140 सेमी म्हणजे एका टॉवेलचं क्षेत्रफळ 0.98 चौरस मीटर, त्याला 450 जीएसएमने, म्हणजे चौरस मीटरमागे 450 ग्रॅमने गुणलं की 441 ग्रॅम, आणि 9,000 टॉवेलचे बरोब्बर 3,969 किलो. म्हणजे तुमच्या एक्सेलमधला आकडा कुणी वजन करून लिहिलेलाच नाही, तो कधीतरी कॅल्क्युलेटरवर काढलेला आणि तेव्हापासून तसाच चिकटलेला आहे. आता मला सांगा, या वेळी बायरने जाड माल मागितला होता का? कारण तोच टॉवेल 480 जीएसएमचा केला तर नग 470 ग्रॅमवर जातो, आणि 9,000 नगांवर फरक पडतो जवळजवळ 265 किलोंचा. माझी खात्री आहे लूमवर सेटिंग बदललं, मास्टरला माहीत होतं, पॅकिंगवाल्यांना माहीत होतं, बिल बनवणाऱ्यालापण माहीत असेल, फक्त एक्सेलला कुणी सांगितलं नाही.

कस्टमला खरं काय द्यायचं ते तुमच्या पॅकिंगच्या टेबलावर ठरतं हो, मुंबईत नाही. एजन्सीने टॉवेल हातात घेतलेला नसतो, सीएचएने (कस्टमचं काम करून देणारा एजंट) तर बघितलेलापण नसतो, ते दोघं तुम्ही पाठवलेलं पुढे टाइप करतात. त्यामुळे 'ॲज पर लास्ट शिपमेंट' हे शब्द तुमच्या ऑफिसातून हद्दपार करा. या लाइनमधली निम्मी भानगड मी याच चार शब्दांतून झालेली बघितलीय.

आता कुणाचं बरोबर. हे ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा, शिपिंग बिलावर, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमला भरून द्यायच्या कागदावर, आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड) कुणाचा आहे? कारण एजन्सी एजन्सी म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकात घालतात. एक म्हणजे मर्चंट एक्स्पोर्टर, तो तुमच्याकडून माल विकत घेतो आणि स्वतःच्या नावाने बाहेर पाठवतो, शिपिंग बिलावर एक्स्पोर्टर तो, तुम्ही सप्लायर किंवा मॅन्युफॅक्चरर. दुसरं म्हणजे आयईसी तुमचाच, बायरचं बिल तुमच्याच नावाचं, आणि एजन्सी फक्त कागदं, बुकिंग, सीएचए बघून देते आणि त्याचे पैसे घेते. पहिल्या प्रकारात कस्टमपुढे जबाबदार माणूस तो आहे, दुसऱ्यात तुम्ही. कस्टम्स ॲक्ट 1962 चं कलम 50 आहे, त्यात शिपिंग बिलातली माहिती खरी आहे असं एक्स्पोर्टरने डिक्लेअर करायचं असतं, आणि 2018 पासून त्यात स्पष्टच घातलंय की माहिती अचूक आणि पूर्ण आहे, कागदं खरी आहेत, हे एक्स्पोर्टरनेच बघायचं. सीएचएने भरलं म्हणून सुटका नाही, कलम 147 प्रमाणे एजंटाने केलेलं काम मालकाला माहीत होतं आणि त्याला मान्य होतं असंच धरतात, उलटं सिद्ध होईपर्यंत. म्हणजे आयईसी तुमचा असेल तर सासरेबुवांचं 'आपलं काम संपलं' तिथेच बाद. आणि आयईसी एजन्सीचा असला तरी आकडा तुम्ही दिला होता, मग कायद्याचं राहू द्या, धंद्याच्या व्यवहारात ते खर्च तुमच्याच बिलातून कापणार, त्यावर भांडून फार काही मिळत नाही. पण एक आहे, जीएसएम बदलल्याचं त्यांच्याच पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहिलेलं असेल तर त्यांनीही जुना आकडा बघून गप्प बसायला नको होतं, हे त्यांना जरूर ऐकवा.

तर माहिती तयार करायची कशी. एक शीट करा, एकच, आणि ती पॅकिंग संपल्यावर भरा, आधी नाही. आधी भरलेली शीट हा अंदाज असतो. शेवटचा कार्टन टेप लागला की बसायचं. वजन कसं घ्यायचं ते सांगते, प्रत्येक टॉवेल तोलत बसायची गरज नाही पण प्रत्येक कार्टन काट्यावर गेलाच पाहिजे, 150 कार्टन म्हणजे दोन पोरांचं तासा-दीड तासाचं काम आहे, आणि रिकामा खोका, पॉलिबॅग, स्ट्रॅप यांचं वजन वेगळं करून ठेवायचं म्हणजे ग्रॉसमधून वजा करून खरं नेट निघतं. जीएसएमच्या गुणाकारावर अजिबात विसंबू नका, कारण कापूस पाणी धरतो, व्यापारात त्याची मॉइश्चर रिगेन (हवेतून धरलेला ओलावा) साडेआठ टक्के धरतात, पण पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये आठवडाभर पडलेला माल आणि मे महिन्यात भरलेला माल एकाच वजनाचा कसा येईल? नगामागे फक्त 10 ग्रॅमचा फरक धरा, 9,000 नगांना 90 किलो झाले. पूर्ण भरलेल्या गाडीची वजनकाट्याची पावतीपण घ्या आणि जपून ठेवा, ती का ते पुढे येतंय. हेच ग्रॉस वेट कंटेनरच्या व्हीजीएमशी (भरलेल्या कंटेनरचं तपासून कळवलेलं वजन) जुळलं पाहिजे, म्हणजे रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवून. व्हीजीएम 1 जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं आहे आणि ते शिपिंग लाइनकडे वेगळं जातं, कस्टमच्या कागदांत नाही, म्हणून बरेच जण ते दुसऱ्याच माणसाला विचारून दुसराच आकडा देतात, आणि मग एकाच डब्याची दोन वजनं सरकारदरबारी फिरत राहतात.

कार्टन नंबर. हे कंटाळवाणं वाटतं पण कस्टमच्या ऑफिसरने माल उघडला तर सगळ्यात आधी इथेच सापडता. समजा पुढच्या खेपेला 1 ते 150 बाथ टॉवेल आणि 151 ते 200 वॅफल नॅपकिन, तर पॅकिंग लिस्टमध्ये तसंच लिहा, आणि ऑफिसर म्हणाला 137 नंबर उघडा तर त्यात पांढरे 60 टॉवेलच निघाले पाहिजेत, रंग कमी पडला म्हणून घुसवलेले 20 निळे नाही. शेवटचा कार्टन बहुतेक वेळा अर्धा असतो, तो अर्धाच आहे असं लिहा, पूर्ण दाखवू नका. आणि कृपा करून बायरला आवडते म्हणून शेंगा चटणीचे डबे टॉवेलच्या कार्टनात सारू नका. हसू नका, सोलापूरच्या मालात हे होतं. कागदावर नसलेली वस्तू ती, त्यात खायची, इथेही अडचण आणि तिकडच्या कस्टमलाही अडचण. फुकट सॅम्पलचंही तेच, दोन कार्टन सॅम्पल जाणार असतील तर वेगळी लाइन टाकायची, पैसे घेणार नसलात तरी कस्टमसाठी किंमत लिहावीच लागते, शून्य चालत नाही.

आता तुमचे वॅफल नॅपकिन. हा खरा धोका आहे आणि तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलाय. बाथ टॉवेल टेरी आहे, लूपवाला, कापसाचा, तो जातो कस्टमच्या 6302 60 या कोडमध्ये. वॅफलला लूप नसतो, नुसती चौकट्यांची वीण असते, म्हणजे तो टेरी नाही, कापसाचा असेल तर तो जातो 6302 91 कडे. दोघांना सगळे टॉवेलच म्हणतात म्हणून एकाच लाइनमध्ये 'कॉटन टॉवेल, 200 कार्टन' असं लिहून मोकळे होतात आणि तिथून कोड चुकला की ड्रॉबॅकचा (निर्यातीवर परत मिळणाऱ्या ड्युटीचा) दर चुकतो, आरओएससीटीएलचा (राज्य-केंद्राचे कर परत देणाऱ्या योजनेचा) दर आणि त्याची नगामागची किंवा किलोमागची कॅप चुकते, आणि ते तेव्हा नाही पण नंतर कधीतरी ऑडिटला वर येतं, व्याजासकट. कोड 8 आकडी लागतो, तो सीएचएकडून फायनल करून घ्या, पण त्यासाठी लागणारी माहिती तुम्हीच देऊ शकता: लूप आहे का नाही, विणलेलं का निटिंगचं, कापूस किती टक्के, पॉवरलूम का हातमाग, बाथचा का किचनचा. बॉर्डरला पॉलिस्टरचा किंवा जरीचा धागा असेल तर तोही सांगा. लेबलवर '100 टक्के कॉटन' आणि बॉर्डरला पॉलिस्टर असला प्रकार मी कितीतरी युनिटमध्ये बघितलाय, मिश्र कापड ज्या धाग्याचं वजन जास्त त्यात धरतात त्यामुळे एवढ्यातेवढ्याने कोड बदलणार नाही, पण वर्णन खोटं ठरतं ना.

वर्णन असं लिहा की माल न बघितलेल्या माणसाला तो डोळ्यासमोर आला पाहिजे: 'कॉटन टेरी बाथ टॉवेल, पॉवरलूम, डाइड, 70 बाय 140 सेमी, 480 जीएसएम'. बस्स. 'होम टेक्स्टाइल आयटम्स' असलं काही नको.

क्वांटिटीत डझनाची भानगड असते. तुमचं बिल डझनात, बायरची ऑर्डर नगात, आणि सिस्टीमला त्या कोडसाठी ठरलेल्या एककातच आकडा लागतो. शीटमध्ये तिन्ही कॉलम ठेवा, नग, डझन, किलो, म्हणजे पलीकडच्याने 750 ला 750 नग समजून टाइप करायला नको, तुमचे असतात 750 डझन.

किंमतीबाबत, मर्चंट एक्स्पोर्टरच्या केसमध्ये शिपिंग बिलावरची एफओबी (माल जहाजावर चढेपर्यंतची) किंमत ही त्याने दुबईच्या बायरला लावलेली असते, तुमच्या रुपयातल्या बिलाची नव्हे, आणि ती जास्तच असणार, त्यात वाईट वाटून घेऊ नका. पण आयईसी तुमचा असेल तर भाव सीआयएफ (फ्रेट आणि इन्शुरन्स धरून) ठरलाय का एफओबी हे त्यांना लिहून द्या. समजा दुबईच्या जेबेल अली बंदरापर्यंत सीआयएफ 24,000 डॉलर ठरले, त्यात फ्रेट 600 आणि इन्शुरन्स 40, तर एफओबी झाली 23,360, आणि फायदे मोजताना हीच धरतात. तिकडे कुणाला कमिशन देणार असाल तर तेही लपवायचं नाही. एजन्सी किंवा बायर म्हणाला की ड्युटी वाचवायला बिल कमी दाखवू, किंवा फायदे वाढवायला जास्त दाखवू, तर सरळ नाही म्हणायचं. जाणूनबुजून खोटं डिक्लेरेशन दिलं तर कलम 114एए खाली मालाच्या किमतीच्या पाचपट दंड होऊ शकतो. पाचपट, नफ्याच्या नाही, मालाच्या.

जीएसटीचा भाग तुम्ही विचारला नाहीत पण मर्चंट एक्स्पोर्टरला 0.1 टक्का जीएसटीने बिल देत असाल तर हा तुमच्या खिशाचा प्रश्न आहे म्हणून वाचाच. 2017 च्या नोटिफिकेशनप्रमाणे ही सवलत तुम्हाला अटींवर मिळते: तुमच्या बिलाच्या तारखेपासून 90 दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे, आणि शिपिंग बिलात तुमचा जीएसटी नंबर आणि तुमच्या टॅक्स इन्व्हॉइसचा नंबर आला पाहिजे. 90 दिवसांत गेला नाही तर सवलत जाते ती तुमची, पूर्ण दराने टॅक्स भरायचा तुम्हीच. म्हणून तारीख आणि नंबर शीटमध्ये ठळक टाका, आणि नंबर अक्षर-न्-अक्षर बिलावर आहे तसाच. बिलावर 'एसटी/045/25-26' आणि शीटमध्ये 'एसटी-45' असं चालत नाही, माणसाला कळतं की दोन्ही एकच, मशीनला कळत नाही. एक्स्पोर्टर आयजीएसटी भरून रिफंड घेत असेल तर त्याच्या एक्स्पोर्ट बिलाच्या नंबरचंही हेच, जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) मधला नंबर आणि शिपिंग बिलातला नंबर जुळला नाही की एसबी005 एरर येतो आणि रिफंड लटकतो. माल गेल्यावर शिपिंग बिलाची कॉपी आणि ईजीएमचा (माल देशाबाहेर गेल्याच्या नोंदीचा) पुरावा एजन्सीकडून मागून घ्या, तो देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, उपकार नाहीत.

आणि ओरिजिन डिस्ट्रिक्ट! 2020 च्या फेब्रुवारीपासून शिपिंग बिलात माल कुठल्या राज्यात, कुठल्या जिल्ह्यात तयार झाला ते लिहावं लागतं. एजन्सीचं ऑफिस मुंबईत म्हणून सगळं मुंबईच्या नावावर चढतं. टॉवेल सोलापूरचा, टेरी टॉवेलला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं सोलापूर, आणि सरकारच्या आकडेवारीत ती निर्यात मुंबईची. याचा तुम्हाला लगेच तोटा काही नाही, पण चुकीचं ते चुकीचंच, आणि मला स्वतःला याचा फार राग येतो.

एवढी शीट पाठवलीत की पुढचं पाऊल बहुतेक जण विसरतात. सीएचए शिपिंग बिल फाइल करण्याआधी चेकलिस्ट काढतो, ती मागायची. पीडीएफ असते, दोन-तीन पानांची, वाकडीतिकडी छापलेली, बघितलं की झोप येते. तरी शीट शेजारी ठेवून ओळ न् ओळ बघा, आणि मग व्हॉट्सॲपवर नाही, ईमेलवर लिहा की 'चेकलिस्ट तपासली, फाइल करा' किंवा 'नेट वेट बदला'. लेट एक्स्पोर्ट ऑर्डर (माल बाहेर न्यायला कस्टमची परवानगी) मिळायच्या आधी दुरुस्ती तशी सोपी जाते. माल गेल्यावर करायची तर कलम 149, आणि तिथे अट अशी की माल गेला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाच्या आधारावरच दुरुस्ती मिळते. नंतर बनवलेलं पत्र, नंतर काढलेलं सर्टिफिकेट याला विचारत नाहीत. म्हणून ती वजनकाट्याची पावती, म्हणून ती तारखेची पॅकिंग लिस्ट, आणि म्हणून कार्टन काट्यावर असताना मोबाइलमध्ये काढलेले दोन-चार फोटो. बरेचसे शिपिंग बिल आजकाल माल न उघडताच क्लिअर होतात, त्यामुळे 'गेलं की, काही झालं नाही' याला अर्थ नाही, चूक नंतर रिफंडच्या वेळी उगवते.

सीएचएने केवायसीची कागदं, ऑथोरायझेशन मागितलं तर वैतागू नका. 2018 च्या कस्टम्स ब्रोकर रेग्युलेशनप्रमाणे आयईसी, जीएसटी नंबर आणि पत्ता तपासणं त्याचं कामच आहे. न विचारता काम करणारा सीएचए असेल तर उलट मी दुसरा शोधेन.

राहिली कोरी लेटरहेडं. देऊ नका. सगळे देतात हे मला माहीत आहे, 'अहो कस्टमला ऐनवेळी पत्र लागतं, सोलापूरहून कुरिअर यायला दोन दिवस जातात' हे ठरलेलं कारण असतं, आणि कारण पूर्ण खोटंही नाही. पण त्या कागदावर उद्या काय छापलं जाईल ते तुम्हाला कळणार नाही आणि खाली सही तुमची असेल, नेट वेटबद्दलचा खुलासा कुणी दुसऱ्यानेच तुमच्या नावाने लिहिला तर? त्यांना सांगा, काय लागेल त्याचा मजकूर मेल करा, वाचून अर्ध्या तासात सही करून स्कॅन पाठवते, मूळ कागद रात्रीच्या ट्रॅव्हल्सने देते. शक्य असेल तर डिजिटल सिग्नेचर स्वतःच्या नावाची काढून घ्या, आणि ती पेनड्राइव्ह एजन्सीच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. याआधी दिलेली कोरी लेटरहेडं परत मागा. परत आली नाहीत तर नवीन डिझाइनचं लेटरहेड छापा, आणि अमुक तारखेपासून जुनं बंद असं एजन्सीला आणि सीएचएला, दोघांना मेलने कळवा. आणि सासऱ्यांना सांगा, पुढच्या पॅकिंगच्या दिवशी काट्याजवळ खुर्ची टाकून बसा म्हणावं, त्यांच्यासमोर वजन चुकवायची कुणाची हिंमत होणार नाही.